शांतवनमामाला लवकर बरं कर

माझी धाकटी जाऊ सुलक्षणा प्रार्थनेला उभी राहिली, की आमच्या शिरूरच्या चर्चच्या मंडळीतली कडेवरची पोरं बी गप व्हायची. हे मी कौतुकानं सांगतीय असं समजू नका. जावेचं कौतुक करायचा माझा स्वभाव न्हाई. माझी उभी हयात अंगणवाडीत गेली, पोरांवर आन् पोरांच्या आयांवर ओरडून आवाज फाटलाय. मला कुणी प्रार्थना करायला सांगितली, तर मी दोन वाक्यांत आमेन करून खाली बसते. सुलक्षणाचं तसं न्हाई. ती घरी ब्लाउज शिवती, दिवसभर मशीनवर मान खाली घालून असती, आन् बुधवार आला की तिच्या तोंडातनं पाटाला पाणी सोडल्यागत प्रार्थना सुटायची.

दर बुधवारी कुणाच्या तरी घरी आमची घरसभा असती. गाणी म्हणायची, शास्त्रातला, म्हंजी बायबलातला, एक उतारा वाचायचा, चर्चचे पाळकसाहेब चार शब्द बोलणार आन् शेवटाला प्रार्थना. ती सुलक्षणाचीच. नवं घर असो, बाळंतपण असो, पोराची रांजणगावची नोकरी असो, गुडघ्याचं ऑपरेशन असो, हिच्याकडं शब्द तयार. कवठे येमाईची एक बाई म्हशीसाठी प्रार्थना करा म्हणून फोन करायची. म्हशीसाठी बी केली हिनं. शेजारच्या झुंबरबाई तर ख्रिस्ती बी न्हाईत, माळ्याच्या हायेत, घरात भरलेला देव्हारा हाय, तरी नात परीक्षेला निघाली की म्हणायच्या, "जा गं, सुलक्षणाकाकीकडनं प्रार्थना करून घे आन् मग जा." मला कुणी असं कधी म्हणालं न्हाई. असू दे.

ही गोडी तिला लागली दौंडला, शांतवनमामाच्या घरी. मामा म्हंजी तिच्या आईचा सख्खा भाऊ, रेल्वेत गँगमन व्हते. सुलक्षणाचा बाप लवकर गेला, तवा ती मामा आन् सोजरामामीकडंच लहानाची मोठी झाली. मामा जेवायच्या आधी तिला प्रार्थना करायला सांगायचे आन् ही एवढीशी पोर कालवण गार व्हईस्तोवर बोलत राहायची. मामी वैतागायची, मामा मिटल्या डोळ्यांनी हसत बसायचे.

मागच्या उन्हाळ्यात मामाच्या पोटातलं दुखणं निघालं. अंथरूण धरलं ते धरलंच. हिकडं लग्नसराई, सुलक्षणाकडं ब्लाउजांचा ढीग, जायला जमंना. पण रोज सकाळी ती फोनमध्ये आवाज भरून प्रार्थना पाठवायची. 'प्रभू, माझ्या शांतवनमामाला लवकर बरं कर, अंथरुणातनं उठव, डॉक्टरांच्या हाताला यश दे, औषधाला गुण दे.' तिकडं मामी फोन मामाच्या कानाशी धरायची. एक दिवस चुकला न्हाई. पाळक सत्यजीतसाहेबांनी तर भर चर्चमध्ये सांगितलं, की विश्वासूपणा शिकायचा तर सुलक्षणाताईंकडून शिका. सगळ्या बायांनी माना वळवून हिच्याकडं बघितलं. ही खाली मान घालून बसली. मला वाटलं, लाजतीय.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, नाताळ झाला आन् मामा गेले.

आम्ही शिरूरची माणसं जीप करून दौंडला गेलो. दफनविधी झाला. कबरस्तानातनं माघारी आल्यावर घरात सांत्वनाची प्रार्थना असती. मामी भिंतीला टेकून बसलेली, तोंडावर पदर. दौंडचे पाळक म्हणाले, "मामांची भाची प्रार्थना करेल." सुलक्षणा उठली. डोळे मिटले. आन् सुरू झाली.

"हे दयाळू स्वर्गीय बापा, आम्ही तुझे उपकार मानतो. प्रभू, माझ्या शांतवनमामाला लवकर बरं कर, अंथरुणातनं उठव..."

मी डोळे उघडले. तशी मी प्रार्थनेत डोळे पुरते कधी मिटतच न्हाई, अंगणवाडीची सवय. बघते तर हळूहळू सगळ्यांचेच उघडलेले. कुणीतरी खोकलं. आता तरी ही बया थांबंल का न्हाई! थांबली न्हाई. पुढं गेली. "डॉक्टरांच्या हाताला यश दे, औषधाला गुण दे..." आत्ता तासाभरापूर्वी ज्याच्यावर आम्ही मूठमूठ माती टाकली, त्याच्या औषधाला गुण! मी तिच्या पोटरीला असा चिमटा काढला की ती दचकून बोलायची राहिली. डोळे उघडून तिनं सगळ्यांकडं बघितलं आन् तिचं तोंड पांढरं पडलं. दौंडच्या पाळकांनी घाईघाईनं पुढची प्रार्थना केली. मामीनं तोंडावरचा पदर काढला न्हाई.

जीपमध्ये सगळ्या बाया तिला समजावत व्हत्या. दुःखाच्या भरात होतं असं, मन मनाच्या जाग्यावर नसतं. घरी आल्यावर मी तिला चहा करून दिला तवा म्हणाली, "आक्का, दुःखाच्या भरात न्हाई झालं ते. मला तवा दुःख झालंच नव्हतं. मी तिथं नव्हतेच. तोंड एकटंच बोलत व्हतं."

"व्हतं कधी कधी," मी म्हणाले.

"कधी कधी न्हाई. मला आठवतच न्हाई, की त्याच्या आधी मी कवा खरंच तिथं व्हते. लोक म्हणतात सुलक्षणा देवाजवळची. आक्का, मला खरंच ठाऊक न्हाई, माझी प्रार्थना आत्ता मेलीय का कधी जिती नव्हतीच."

मी म्हणाले, "चहा पी." असल्या गोष्टीत माझी अक्कल चालत न्हाई.

तिथनं पुढं घराची झोप उडाली. सुलक्षणानं घरसभेत प्रार्थना करायचं सोडलं. "घसा बसलाय" म्हणायची. घसा किती दिवस बसंल? मग बुधवारी डोकं दुखायला लागलं. फोन वाजला की उचलायची न्हाई. म्हशीवाली बिचारी मला फोन करायला लागली. मी काय तिच्या म्हशीला अंगणवाडीतली गाणी म्हणून दाखवू?

सत्यजीतसाहेब घरी आले. तरुण माणूस, चांगला हाय, पण पुस्तकात बघून बोलल्यागत बोलतो. म्हणाले, "ताई, आत्मिक जीवनात कोरडे दिवस येतात. वाचन वाढवा, उपवास करा. रोपट्याला पाणी घालत राहायचं." हिनं ते शब्दशः घेतलं. सकाळी शास्त्र, दुपारी शास्त्र, कात्रीच्या शेजारी शास्त्र उघडं ठेवलेलं. शुक्रवारचा उपवास धरला, मग बुधवारचा बी धरला. एका उपवासाच्या दिवशी झुंबरबाईंच्या सुनेच्या ब्लाउजाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. सून आली भांडायला. मी म्हणाले, "देवाच्या नादात झालंय, बाई, उसवून देते," आन् मीच उसवत बसले.

तेवढ्यात शिरूरला बाहेरनं कुणी मोठे वक्ते आले, मंगल कार्यालयात सभा झाली. स्पीकर असे, की छातीत धडधडावं. लोक हात वर करून रडत व्हते. सुलक्षणा मोठ्या आशेनं गेली, पुढच्या रांगेत बसली. घरी आली ती चपला बी न काढता खाटेवर बसली. म्हणाली, "सगळे रडत व्हते, आक्का. आन् मी बघत व्हते, कुणाचा ब्लाउज काखेत उसवलाय ते." मला हसू फुटलं. तिला न्हाई फुटलं. ती उठली, मशीनवर बसली, उठली, दारात गेली, परत आली, कापड हातात घेतलं, खाली ठेवलं. असं रोजचं. एका जागी बूड टेकंना. तिचा नवरा, माझा दीर, गरीब माणूस. तो बाहेर ओट्यावरच जेवायला लागला. मी बी चिडले. म्हणाले, "अगं, देव काय बस हाय का, चुकली म्हणून स्टँडवर येरझाऱ्या घालायला?" तर म्हणती, "बस असती तर दुसरी आली असती."

मग महिन्याचा पहिला रविवार आला. पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं, भाकर आन् द्राक्षरस. आमच्या मंडळीची जुनी रीत हाय, की ज्याचं कुणाशी वाकडं हाय, बोलणं बंद हाय, त्यानं त्या दिवशी उठायचं न्हाई, जागेवर बसून राहायचं. आधी मिटवायचं, मग भोजन घ्यायचं. त्यामुळं कोण बसून राहिलं हे बघायला सगळ्यांच्या माना हलत असतात. नको म्हणा, पण हलतात. माझी बी हलती.

त्या रविवारी रांग पुढं सरकली आन् सुलक्षणा बाकड्यावर बसून राहिली.

आन् झालं काय? अख्ख्या मंडळीनं माझ्याकडं बघितलं! जावा-जावांचं वाजलं म्हणून! मी आपली रांगेत, भाकरीचा तुकडा हातात, आन् मागनं कुजबूज. माझा तर संताप संताप झाला. चर्च सुटल्यावर एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं बी, "काय गं, वाटणीवरनं का?" मी तिला काय बोलले ते हिथं सांगत न्हाई, रविवार व्हता.

घरी आल्यावर मी सुलक्षणाला धरलं. "कुणाशी वाकडं हाय तुझं? माझ्याशी हाय का? असलं तर आत्ता सांग, भांडून मोकळ्या होऊ."

"तुमच्याशी न्हाई, आक्का."

"मग?"

"मामाशी."

"अगं, मामा गेले की!"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "आता मिटवायचं कुणापाशी?" आन् भिंतीला डोकं टेकून अशी उभी राहिली, की माझा राग कुठल्या कुठं गेला. मला लई वाईट वाटलं तिचं. पण मी वाईट वाटून घेत बसणारी न्हाई. "मामी हाय का न्हाई?" मी म्हणाले. "चल दौंडला."

मातीच्या दिवसानंतर ती मामीला भेटली नव्हती. फोन बी केला नव्हता, भ्यायची. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच स्टँडवर नेली. न्हावऱ्यावरनं जाणारी गाडी धरली. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत व्हती आन् ही खिडकीशी बसून पदराचं टोक पिळत व्हती. भीमेचा पूल ओलांडला तशी एकदम बोलली.

"आक्का, मी मामाला रोज प्रार्थना पाठवायचे ना, ती रोजची नव्हती."

"म्हंजी?"

"पहिल्या आठवड्यात एक बोलले व्हते. चांगली झाली व्हती. मग तीच पाठवायचे. रोज. सकाळी चहा ठेवला की बोट दाबायचं, पाठवायची, झालं. साहेब चर्चमध्ये विश्वासू म्हणाले ना, त्या दिवशी बी तीच पाठवली व्हती."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. म्हणाले, "आन् मामीला हे सांगणार तू?"

"सांगितल्याबिगर मिटंल कसं?"

चौफुल्याला गाडी थांबली तर ही उठून दाराकडं निघाली. "मी माघारी जाते, आक्का, मला जमायचं न्हाई." मी पिशवी टाकून धावले, दंडाला धरून माघारी आणली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पेशंट हाय का?" मी म्हणाले, "व्हय." खोटं तरी काय व्हतं त्यात?

दौंडला मामी स्वैपाकघरात मेथी निवडत बसलेल्या. सून शाळेवर गेली व्हती, घरात त्या एकट्याच. आम्हाला बघून उठल्या न्हाईत. "बसा" म्हणाल्या. मी बसले. सुलक्षणा उंबऱ्यातच उभी.

"मामी, मला तुम्हाला सांगायचंय," ती म्हणाली. "मी जी प्रार्थना पाठवायचे ना, ती..."

"एकच व्हती," मामी म्हणाल्या. "ठाऊक हाय."

सुलक्षणाचा हात चौकटीवर गेला.

"तुझ्या त्या प्रार्थनेत मागनं कुकरची शिट्टी व्हायची," मामी मेथी निवडत म्हणाल्या. "औषधाला गुण दे म्हणलीस की शिट्टी. रोज तिथंच. दुसऱ्या आठवड्यातच तुझ्या मामाच्या ध्यानात आलं. मला म्हणायचे, 'सोजरे, आता शिट्टी व्हईल बघ.' आन् झाली की हसायचे. एकदा म्हणाले, 'सुलीची डाळ अजून शिजंना व्हय गं?'"

मला हसू आलं आन् मी ते आवरलं. मामी हसत नव्हत्या.

"हसायचे," त्या म्हणाल्या, "आन् मग भिताडाकडं तोंड करून पडायचे. मी म्हणायचे, फोन करून सांगते तिला. तर म्हणायचे, 'नगं. तिच्यामागं कामं असत्यात. येईल ती.' शेवटपातूर दारात कुणी आलं की मान वळवायचे."

सुलक्षणा मामींच्या पुढ्यात येऊन खाली बसली. हुंदका न्हाई, आवाज न्हाई, नुसतं पाणी वाहायला लागलं डोळ्यांतनं. एवढ्या दिवसांनी मी तिला मामासाठी रडताना बघितलं. मला वाटलं, आता मामी तिला जवळ घेतील. न्हाई घेतलं.

"माफ कर म्हणायला आलीयस ना?" मामी म्हणाल्या. "मी तोंडदेखलं म्हणणार न्हाई. मला जमलं की सांगीन."

"व्हय, मामी."

"आता आलीयस तर प्रार्थना कर."

सुलक्षणा घाबरली. "मामी, मला येत न्हाई आता. खरंच येत न्हाई. तोंड उघडलं की तेच तेच बाहेर येतं."

"मग बरंच हाय. कर."

मामींनी मेथी बाजूला सारली, ओले हात पदराला पुसले आन् डोळे मिटले. मी बी मिटले. अर्धे.

"हे दयाळू स्वर्गीय बापा, आम्ही तुझे..." सुलक्षणा म्हणाली आन् थांबली. गच्च थांबली. बाहेर मालगाडी निघाली व्हती, तिचे डबे मोजता आले असते एवढा वेळ गेला. मग तिनं डोळे उघडले. एवढ्या वर्षांत, एवढ्या घरांत, एवढ्या माणसांसाठी हिनं मागितलं, पण जे त्या दिवशी केलं ते कधी केलेलं मी बघितलं नव्हतं. तिनं विचारलं.

"मामी, काय मागू?"

मामींनी बी डोळे उघडले. "काई मागू नगंस," त्या म्हणाल्या. "मला राग आलाय. त्याचा." आन् मान वर केली. "रेल्वेच्या माणसाशी संसार केला मी, रात-बेरात रुळावर जायचे, तवा राखलंस. आन् म्हातारपणी असं तडफडवून न्यायचं? हे मला त्याला सांगायचंय. पण मी प्रार्थनेला बसले की तोंडातनं 'आभार मानते, आभार मानते' एवढंच निघतं. चाळीस-पन्नास वर्सांची सवय. ते पुढं जाऊच देत न्हाई. तू सांग त्याला."

मी सुलक्षणाकडं बघितलं. देवाला असं बोलायचं? आमच्या मंडळीत कुणी बोलंल का असं? सत्यजीतसाहेब असते तर त्यांनी मधीच गाणं सुरू केलं असतं.

सुलक्षणानं डोळे मिटले. ओठ हलले, शब्द न्हाई. परत हलले.

"प्रभू," ती म्हणाली. आवाज असा, की शेजारी बसून मला कान द्यावा लागला. "मामींना तुझा राग आलाय." मग थांबली. "लई आलाय. मामा... मामा लई तडफडले. मी बघितलं न्हाई. मामींनी बघितलं. तू बी बघत व्हतास." परत थांबली. "त्यांना रोज वाटायचं मी येईन. मी आले न्हाई. प्रभू, मला लाज वाटती. मामींना तुझा राग आलाय, आन् माझा बी आलाय, आन् त्या आपल्या दोघांशी बी धड बोलत न्हाईत, आन्... आन् मला कळत न्हाई काय म्हणू ते."

ना सुरुवात धड, ना शेवट. शिरूरच्या घरसभेत असं कुणी बोललं असतं तर बायांनी एकमेकींना कोपरं मारली असती. माझ्या मात्र अंगावर काटा आला. आन् डोळे कवा पुरते मिटले ते माझं मला कळलं न्हाई.

मग सुलक्षणानं नाक पुसलं आन् आमेन म्हणायला श्वास घेतला, तसा मामींनी चाचपडत तिचा हात धरला.

"आमेन कशाला?" मामी म्हणाल्या. "माझं झालंय कुठं अजून?"

सुलक्षणानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "प्रभू," ती म्हणाली, "मामींचं अजून झालं न्हाई."